मागची फळी

अण्णांनी पुन्हा एकदा ठोकून पाहिलं. हातोडीच्या दांड्याने, अगदी हलकेच, होडीच्या मागच्या फळीवर डावीकडून उजवीकडे. टण, टण, टण. उजव्या कोपऱ्याशी आलं की आवाज बदलायचा. बद. जरा खाली, पुन्हा बद. तळहाताएवढी जागा होती. पिकायला आलेला फणस असाच बोलतो. झाडाखाली उभं राहून हा आवाज ऐकला की अण्णांना जन्मभर बरंच वाटत आलं होतं. आज मात्र त्यांनी हातोडी पाठीमागे लपवली.

त्यांनी घरापुढच्या खळ्यात चौफेर पाहिलं. कोणी नव्हतं. त्यांची बायको हेमाताई आत ओल्या नारळाच्या करंज्यांचं सारण ढवळत होत्या, त्याचा वास बाहेरपर्यंत येत होता. दोन दिवसांनी दिवाळी. भाऊबिजेच्या दिवशी होडी पाण्यात जायची होती, आणि तिच्यात त्यांचा मुलगा उन्मेष आणि नऊ वर्षांची नात ओवी बसायची होती.

ही मागची फळी म्हणजे होडीचा जीव, हे अण्णांना वाचून माहीत होतं. पंचवीस हॉर्सपॉवरचं इंजिन, वजनाला एखाद्या माणसाएवढं, या एका उभ्या फळीला बाहेरून लटकतं आणि तिलाच ढकलून होडी पुढे नेतं. फळी बाजूच्या भिंतींपासून सुटली तर इंजिन मागे पडतं, आणि जिथे फळी होती तिथून समुद्र आत येतो. छापील कागदावर हे एकाच वाक्यात लिहिलेलं होतं. अण्णांनी त्या वाक्याखाली रेघ मारली होती.

रेघा मारण्याची त्यांची सवय जुनी. अण्णा म्हणजे आत्माराम लिमये, छत्तीस वर्षं एका शाळेत ग्रंथपाल होते. मुलं दंगा करू लागली की ते कपाटाआड जायचे, कोणाला रागावणं त्यांना जमलं नाही. आणि पाण्याची भीती तर गावात, कर्ल्यात, सगळ्यांना ठाऊक. खाडीपासून हाकेच्या अंतरावर घर, पण घोट्याच्या वर पाण्यात गेलेलं त्यांना कोणी पाहिलं नव्हतं. अशा माणसाच्या खळ्यात होडी आली ती उन्मेषमुळे. पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत असलेला त्यांचा हा एकुलता एक मुलगा गेल्या मार्चमध्ये नाटे गावी कोणा मित्राकडे गेला, आणि बंद पडलेल्या एका रिसॉर्टमागे उलटी पडलेली सोळा फुटी फायबरची मोटरबोट घेऊन टेम्पोतून घरी आला. आतून शेवाळ, बाहेरून तडे, आणि मागच्या फळीत घातलेला प्लाय कुजून ओल्या तंबाखूसारखा काळा झालेला.

"अण्णा, मला रजा नाही, पण तुमच्याकडे वेळ आहे," उन्मेष म्हणाला होता. "यात अवघड काही नाही. सगळं लिहिलेलं मिळतं. आणि लिहिलेलं वाचून त्याप्रमाणे करणारा तुमच्यासारखा माणूस मी पाहिलेला नाही."

अण्णांना नाही म्हणायचं होतं. ते 'बरं' म्हणाले.

उन्मेषने शंभरावर पानं छापून पाठवली. अण्णांनी त्यांना खाकी कव्हर घातलं, पानांना आकडे घातले आणि तांबड्या पेन्सिलीने रेघा मारत दोनदा वाचून काढली. मग हळूहळू ते कामाला लागले आणि, कोणाला सांगायची लाज वाटावी इतकं, त्यांना ते आवडायला लागलं. कुजका प्लाय त्यांनी छिन्नीने खरवडून काढला. नवा घातला. त्याला होडीच्या बाजूंशी सांधायला काचेच्या धाग्यांची मॅट आणि रेझीन, असे थरावर थर चढवायचे होते. मगात रेझीन घ्यायचं, हार्डनर मोजून घालायचा, की पंधरा-वीस मिनिटांत ते घट्ट व्हायला लागतं. त्या वेळात मॅट भिजवून, आतली हवा काढून, कोपऱ्यात नीट बसवायची.

मे महिना. उन्मेषने हातमोज्यांचा खोका पाठवला होता, पण पाच मिनिटांत मोज्यात घाम साचायचा आणि बोटांना काही कळेनासं व्हायचं. मोजे काढले तर रेझीन हाताला चिकटून बसायचं, नखांपाशी कातडी सोलायची. जेवताना ते हात पाहून हेमाताई म्हणाल्या, "अहो, फणस चिरताना लावता तसं खोबरेल लावा की हातांना. काही चिकटायचं नाही."

अण्णांना वाटलं, हे आपल्याला कसं सुचलं नाही. दुसऱ्या दिवसापासून वाटीत खोबरेल घेऊन ते बसले. खरोखरच काही चिकटेना. ब्रशने बुडबुडे राहायचे म्हणून तेलकट तळव्यांनी त्यांनी मॅट दाबून दाबून बसवली, एकेक थर, कोपरा न् कोपरा. तीन दिवसांत फळी अशी गुळगुळीत झाली की ते संध्याकाळी खुर्ची टाकून तिच्याकडे बघत बसले.

गणपतीला उन्मेष, सून मृणाली आणि ओवी आली. उन्मेषने गाडीतून उतरल्या उतरल्या फळीवरून हात फिरवला आणि बराच वेळ तो हात काढला नाही.

"मृणाली, इकडे ये. हे बघ. हे अण्णांनी केलंय."

"कारखान्यातून आल्यासारखं वाटतंय," ती म्हणाली.

"अण्णा, तुम्ही कारागीर झालात हो."

मुलाने आपल्याला असं काही म्हटल्याचं अण्णांना आठवत नव्हतं. उन्मेषने फोटो काढून नातेवाइकांना पाठवले. आत्यांची उत्तरं आली, ती त्याने आरतीनंतर सगळ्यांसमोर वाचून दाखवली. अण्णा समईच्या पलीकडे मान खाली घालून बसले होते आणि सुखाने त्यांचे कान तापले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी समईत तेल घालून ते हात धुवायला गेले. बोटांवर पाणी टिकेना. थेंब नुसते घरंगळत होते. अण्णा नळाखाली हात धरून तसेच उभे राहिले. मग त्यांनी खाकी कव्हरातली पानं काढली. पान चौतीस. 'ज्यावर थर द्यायचा ती जागा तेल, वंगण व धूळ यांपासून पूर्ण मुक्त असावी, अन्यथा थर धरत नाही.' खाली तांबडी रेघ होती. त्यांचीच. एप्रिलमध्ये ती मारून त्यांनी इंजिनाच्या जुन्या काळ्या तेलाचे डाग चोळून चोळून काढले होते आणि नियम पाळल्याचं समाधान मानलं होतं. डोक्याला लावायचं, भाजीवर घालायचं, देवापुढे जाळायचं खोबरेल त्यांच्या मनात त्या वाक्यापाशी आलंच नव्हतं.

त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा हातोडी घेऊन ठोकून पाहिलं.

तेव्हापासून दोन महिने. उन्मेषने मधे येऊन निळा रंग दिला, रंगाखाली सगळं सारखंच दिसू लागलं. अण्णांनी स्वतःच्या कानांवर संशय घेऊन पाहिला. वय झालं, कान पूर्वीचे राहिले नाहीत. एकदा वाळूच्या दोन गोणी दोरीने फळीला टांगून ठेवल्या. दिवसभर फळी हलली नाही. त्या दुपारी त्यांना झोप लागली. पण उठल्यावर वाटलं, गोणी नुसती लोंबकळते, ती काही ढकलत नाही.

बाबल्याला विचारून पाहिलं. बाबल्या खाडीपलीकडचा, होडीवर जन्म गेलेला, इंजिन बसवायला तोच यायचा. "बाबल्या, समज, थर नीट धरला नसेल, तर?"

"अण्णानू, माजी होडी बगा, ठिगळावर ठिगळ हाय. तुमची तर नवरी हाय. तुमी उगाच भियताव." आणि गुडघ्यावर थाप मारून तो हसला. "पुस्तकात वाचून होडी केलीत, आता पुस्तकातच ठेवा तिला."

चार वेळा अण्णांनी पुण्याला फोन लावला. "बोला अण्णा," असा आवाज आला की त्यांच्या तोंडून भलतंच निघायचं. "इंजिन आलं का हातखंब्याच्या नाक्यावर, ते विचारत होतो," ते म्हणायचे. इंजिन येऊन आठवडा झाला तरी एकदा तेच विचारलं, तेव्हा उन्मेष काळजीने म्हणाला, "अण्णा, तब्येत बरी आहे ना?"

दिवाळीला पुण्याहून तिघं आली आणि भाऊबिजेच्या आदल्या दिवशी मृणाली सावर्ड्याला भावाकडे गेली. ओवी होडीसाठी मागे राहिली. निघताना मृणाली गाडीच्या खिडकीतून म्हणाली, "काठाकाठाने जा. आणि परत आलात की लगेच मला फोन. जेवायच्या आधी."

"अगं, खाडीच्या तोंडाशी, मांडवीपर्यंत तर जायचंय," उन्मेष म्हणाला.

ती अण्णांकडे वळली. "अण्णा, तुम्ही इतकं जपून केलंय म्हणून मी सोडतेय हिला."

अण्णांनी मान हलवली. गाडी वळून दिसेनाशी झाल्यावरही ते फाटकाची कडी धरून उभे होते.

सकाळी दहाला भरती निम्म्यावर आली होती. बाबल्याने इंजिनाचे बोल्ट आवळले, होडी पाण्यात ढकलली आणि भावाकडे जाणाऱ्या बायकोला सोडायला तो आपल्या वाटेने निघून गेला. हेमाताईंनी होडीला हळदकुंकू वाहिलं. उन्मेषने ओवीला लाइफ जॅकेट घातलं, पट्टे ओढून पाहिले. आता बोलायचं, अण्णांनी ठरवलं. तोंड उघडलं आणि त्यांच्या कानांवर स्वतःचंच वाक्य आलं, "मी पण येतो."



"तुम्ही? होडीत?" हेमाताई म्हणाल्या. "अहो, तुम्हाला फेरीबोटीत घाम फुटतो."

"आपण केलेली होडी आहे," अण्णा म्हणाले. त्यांनी दुसरं लाइफ जॅकेट उचलून अंगात चढवलं.

"आजोबा येतोय," ओवीने जाहीर केलं आणि पुढची जागा सोडून त्यांना हात दिला. पण अण्णा पुढे गेले नाहीत. ते मागे, फळीच्या उजव्या कोपऱ्याशी जाऊन बसले. उन्मेष मधल्या सुकाणूच्या चाकाशी उभा होता, ओवी त्याच्या पलीकडे.

इंजिन सुरू झालं. फळी थरथरली, तशी ती थरथरणारच होती. अण्णांनी तळवा कोपऱ्यावर ठेवला. निळा रंग थंड होता, गुळगुळीत होता. जुवे बेटाकडची माडांची रांग मागे सरकली. होडी कशी जाते हे बघायला काठावर चार माणसं उभी राहिली होती. अण्णांना ती दिसलीही नाहीत. त्यांना हाताखालची जागा तेवढी कळत होती.

"आजोबा, तू फळीला का धरून बसलायस?"

"पडू नये म्हणून."

"कोण, तू?"

अण्णांनी तळवा आणखी दाबला. उन्मेषने वेग थोडा वाढवला, आणि कोपऱ्यातल्या रंगावर केसाएवढी रेघ उमटली.

आधी त्यांना वाटलं, केसच आहे. पुसायला बोट फिरवलं. पुसलं गेलं नाही. वेग वाढला की ती रेघ बोटाच्या पेराखाली उघडायची, कमी झाला की मिटायची. अण्णांनी बोट तिथेच ठेवलं. त्यांच्या मानेवरून घाम उतरून लाइफ जॅकेटच्या पट्ट्यात जिरत होता. राजिवड्याच्या होड्या उजव्या हाताला आल्या. इथे सांगितलं तर दहा मिनिटांत काठ. पण काठावर माणसं होती, होड्यांवर माणसं होती, बाबल्याचे भाऊबंद होते, सगळे विचारणार होते. उद्या कर्ल्यात दुकानापाशी गोष्ट होणार होती, लिमये अण्णांनी होडीला खोबरेल चोपडलं. आणि उन्मेष. उन्मेष आता शीळ घालत होता. तो लहानपणी घालायचा, त्यानंतर अण्णांनी ती ऐकली नव्हती.

समोरचा पूल गेल्यावर सांगू, अण्णांनी स्वतःला सांगितलं. पुलाच्या सावलीत गार वाटलं, मग ऊन परत आलं, आणि पूल गेला.

"हळू जा रे," ते म्हणाले.

"हळूच चाललोय अण्णा. रिक्षा याहून जोरात जाते."

"तरी."

"घाबरू नका. आजोबांना सांग गं ओवी, घाबरू नको म्हणून."

"आजोबा, घाबरू नको. मी आहे ना."

पुढे खाडीचं मुख होतं. डावीकडे भाट्याची लांब वाळू, उजवीकडे खडक, आणि मधे पाण्याचा रंग बदलत होता. आतलं पाणी गढूळ, सपाट. बाहेरचं हिरवं, आणि ते श्वास घेतल्यासारखं वरखाली होत होतं. पहिली लाट होडीच्या नाकाखाली शिरली. होडी वर गेली, आपटली. अण्णांच्या बोटाखाली रेघ नखाएवढी उघडली आणि कोमट पाणी त्यांच्या मनगटावरून आत ओघळलं.

"वळव," ते म्हणाले.

"आत्ता? मांडवी ती काय, दिसतेय की."

"उन्मेष, वळव म्हणतो ना."

"अण्णा, लाटेत मधेच वळायचं नसतं, तुम्हीच वाचून दाखवलंय मला," उन्मेष हसत म्हणाला, आणि पुढची लाट घ्यायला त्याने वेग वाढवला.

फळी करकरली. ओल्या पायाने जुन्या जिन्यावर चढावं तसा आवाज, पण आतून, खोलवरून. इंजिनाचं डोकं दोन बोटं मागे झुकलं आणि पुन्हा सावरलं. उन्मेषला ते ऐकू आलं नाही. ओवीने दोन्ही हात पसरून वारा अंगावर घेतला होता. तिच्या कानापाशी केसांची एक बट सुटून उडत होती. त्या बटेकडे अण्णांनी पाहिलं. आपला आवाज बाहेर येईल की नाही याची त्यांना शंका होती.

"उन्मेष, ऐक. फळी सुटतेय." आवाज आला. सरळ आला. "इंजिन एकदम बंद करू नको, मागची लाट आत येईल. हळूहळू कमी कर."

उन्मेषने मान वळवून पाहिलं. "कसली फळी?"

"ही. उजव्या बाजूने. पाणी येतंय आत. मी खोबरेल लावलेल्या हातांनी थर दिले होते. ते धरले नाहीत. मला गणपतीपासून माहीत आहे."

एवढं बोलायला दोन महिने लागले होते आणि ते तेवढ्यातच संपलं. उन्मेषच्या चेहऱ्यावर हसू तसंच राहिलं होतं, जागा चुकल्यासारखं. मग त्याने झुकून पाहिलं. अण्णांच्या मनगटाशी वाहणारं पाणी पाहिलं. बापाच्या चेहऱ्याकडे त्याने पाहिलं नाही.

वेग उतरला. दोन लाटा त्याने होडीचं नाक समोर धरून जाऊ दिल्या, तिसरीच्या पाठीवर होडी फिरवली. फिरताना ती इतकी कलंडली की अण्णांच्या तोंडून देवाचं नावसुद्धा निघालं नाही. मग इंजिन बंद झालं आणि भयंकर शांत वाटलं. पाणी होडीच्या पोटाला चापट्या मारत होतं. तळाशी ते त्यांच्या बुटांवर आलं होतं.

"ओवी, अगदी पुढे जा. खाली बस. उभं राहायचं नाही."

"बाबा, आपण बुडणार आहोत का?"

"नाही. खाली बस."

अण्णांनी नांगराची दोरी ओढून काढली होती. हे कोणी त्यांना सांगितलं नव्हतं. इंजिनाच्या मानेभोवती त्यांनी ती दोनदा गुंडाळली, टोक पुढच्या कडीतून ओवून घ्यायला उन्मेषकडे फेकलं. "इंजिन मागे गेलं तर फळी घेऊन जाईल. हे ताणून धरायला हवं. तू वल्हं घे."

"तुम्हाला झेपणार नाही."

"तू वल्हं घे."

कडीतून परत आलेली दोरी त्यांनी मनगटाला वेढा देऊन धरली, पाय बाकाला टेकले आणि ओढली. प्रत्येक लाटेबरोबर इंजिन मागे हिसका द्यायचं आणि दोरी कातडीत रुतायची. वल्हं एकच होतं. उन्मेष ते आलटून पालटून दोन्ही बाजूंना मारत होता. ओवी कापलेल्या प्लास्टिकच्या डब्याने पाणी उपसत होती. तिला कोणी सांगितलं नव्हतं. ती रडत होती आणि उपसत होती.

चढती भरती त्यांना आत नेत होती, पण नेत होती ती पुलाच्या खांबांवर. दोन खांबांमध्ये पाणी आवळून, फुगून जात होतं. अण्णांना तो काळा, शिंपल्यांनी खडबडीत झालेला खांब येताना दिसला. तो येत नव्हता, आपण जात होतो, हे कळूनही तो येतच राहिला. उन्मेषने वल्ह्याने रेटा दिला. वल्हं खांबावर घासलं, होडीची बाजू घासली, निळ्या रंगाचा लांब ओरखडा उठला. फळीचा उजवा कोपरा चार बोटं उघडला आणि पाणी आता ओघळत नव्हतं, येत होतं. अण्णांनी डोळे मिटले आणि दोरी सोडली नाही.

डोळे उघडले तेव्हा पूल मागे होता. उन्मेष छातीएवढ्या पाण्यात उतरून होडीचं नाक ओढत होता. राजिवड्याच्या अलीकडे चिखलवाळूचा एक उतार होता, तिथे होडी खरडत थांबली. इंजिन हळूच, दमल्यासारखं, मागे कलून वाळूत टेकलं, आणि फळी त्याच्याबरोबर एका बाजूने आडवी झाली.

उन्मेषने ओवीला उचलून काठावर नेलं. तिला दोन्ही हातांनी घट्ट धरून तो पाठमोरा उभा राहिला. अण्णा पाण्यातच होते, पोटरीपर्यंत. होडी वाहून जाऊ नये म्हणून त्यांनी दोरी धरून ठेवली होती, आणि काठावर जायचं धैर्य त्यांना होत नव्हतं.

"दोन महिने," उन्मेष पाठमोराच म्हणाला.

"हो."

"रंग देताना मी तुमच्याशेजारी बसलो होतो. चार दिवस."

"हो."

"आणि आज ओवीला बसू दिलंत."

 मी पण बसलो, असं ते म्हणू शकले असते. ते त्यांच्या मनात आलं आणि त्याचीच त्यांना लाज वाटली.

उन्मेषचा फोन वाजला. प्लास्टिकच्या पिशवीतून त्याने तो काढला, नाव पाहिलं आणि घसा साफ केला.

"हां, मृणाली. आलो, आलो. नाही, मांडवीपर्यंत नाही गेलो. इंजिन जरा बंद पडलं. काही नाही गं, नवीन आहे ना. ओवी छान आहे."

तो हे किती सहजपणे म्हणाला, ते अण्णांनी ऐकलं. इतकं सोपं होतं. इंजिन बंद पडलं. इंजिनालाही काही वाटणार नव्हतं. कर्ल्यात हेच सांगता आलं असतं, हेमालाही. मुलगा त्यांना झाकत होता. रागावलेला असूनही झाकत होता. आणि पुन्हा कधी ओवीला त्यांच्यापाशी सोडायचं की नाही हे तिची आई या चुकीच्या माहितीवर ठरवणार होती.

अण्णांनी दोरीचा वेढा एका दगडाला घातला आणि ते काठावर चढले. हात पुढे केला. उन्मेषने नाही म्हणून मान हलवली. अण्णांनी हात मागे घेतला नाही. दोरीने मनगट सोललं होतं. शेवटी उन्मेषने फोन त्यांच्या हातात ठेवला.

"मृणाली, मी अण्णा बोलतोय," ते म्हणाले. "इंजिन चांगलं आहे. मागची फळी सुटली. मुखापाशी. मी ती नीट बसवली नव्हती. हाताला तेल लावून काम केलं, ती माझी चूक. पण ते मला गणपतीत कळलं होतं आणि मी कोणाला सांगितलं नाही. तू जाताना माझ्याशी बोललीस, तेव्हाही नाही सांगितलं."

पलीकडून भांड्यांचा आवाज येत होता, कोणीतरी ओवाळणीच्या ताटाबद्दल विचारत होतं. मग दार लोटल्याचा आवाज, आणि ते सगळे आवाज थांबले. अण्णा वाट बघत राहिले. आयुष्यात इतका वेळ ते कधी कोणाच्या बोलण्याची वाट बघत उभे राहिले नव्हते. नेहमी त्याआधीच ते कपाटाआड गेलेले असायचे.

"ओवीला फोन द्या," मृणाली म्हणाली.

त्यांनी दिला. ओवीने तो दोन्ही हातांनी कानाशी धरला. "आई," ती म्हणाली, आणि तिचं रडू पुन्हा फुटलं. अण्णा चार पावलं बाजूला झाले. ऐकण्याचा हक्क आपल्याला नाही असं त्यांना वाटलं.

उन्मेष खाली जाऊन होडी वर ओढायला लागला होता. एकट्याने ती हलेना. त्याने मान वर केली नाही, हाकही मारली नाही. नुसता डाव्या बाजूला सरकून त्याने उजवी बाजू मोकळी ठेवली.

अण्णा पाण्यात उतरले आणि त्या बाजूला जाऊन उभे राहिले.